ताम्हिणीत मुका झालेला सबवूफर

मोटारीतला सबवूफर घरासमोर कधीच बंद पडत नाही. पुण्याहून दिवेआगरला निघालेल्या गाडीत तो मुळशी मागे पडल्यावर, पावसात, मुका होतो. ताम्हिणीचे धबधबे अशा वेळी दिसत नाहीत, कारण मालकाचे डोके डिकीत असते.

डिकीत शिरण्याआधी सामान काढावे लागते: बॅगा, चटई आणि ‘वाटेत लागेल’ म्हणून घेतलेला चकल्यांचा डबा. हे रस्त्याकडेला मांडले, की कणीसवाला तज्ज्ञ म्हणून सामील होतो.

संशय प्रथम सर्वांत महाग वस्तूवर, म्हणजे सबवूफरवर जातो. त्याच्या तारा सोडवून मल्टीमीटर लावावा. (मल्टीमीटर आठवणीने घेणारा माणूस छत्री हमखास विसरतो.) ४ ओहमची कॉइल धड असेल तर आकडा ४ च्या किंचित खाली येतो, काहीच न आल्यास ती तुटलेली असते. आकडा घरच्यांना पटत नाही. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवावा. कोन ‘टप्’ करून हलतो. सेल धाकट्याच्या खेळण्यातून काढलेला असल्याने गाडीत निराळाच आवाज सुरू होतो. सबवूफरचा पट्टा साधारण २० ते २०० हर्ट्झचा. हा आवाज बराच वरचा.

याच सुमारास मागच्या सीटवरून आजी म्हणतात, “राहू दे रे बंद. आज पहिल्यांदा तुमचं बोलणं ऐकू आलं मला.” पुढच्या सीटवर थोडा वेळ कोणी काही बोलत नाही.

कॉइल निर्दोष ठरली, की बॅटरीजवळचा फ्यूज पाहावा. तोही शाबूत, तरी अॅम्प्लिफायरचा दिवा विझलेला, तर त्याच्या प्लसपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत व्होल्टेज मोजावे. तिथे १२ व्होल्ट मिळतात; स्टिरिओ चालू असताना अॅम्प्लिफायरला जागे करणाऱ्या रिमोटच्या तारेवरही मिळतात. पण प्लस आणि अॅम्प्लिफायरचे अर्थिंगचे टोक यांच्यात मात्र जेमतेम काही मिळते. चोर सापडला: अर्थिंगचा बोल्ट रंगवलेल्या पत्र्यावरच कसलेला. रंगातून वीज जात नाही. इतके दिवस बोल्टच्या आट्यांवर निभावले आणि घाटातल्या खड्ड्यांनी तेही सैल केले. हजार वॉटच्या गप्पा मारून माल विकणाऱ्यांना पाच रुपयांचा पॉलिश पेपर महाग का पडतो, हे कळत नाही. रंग खरवडून, पत्रा चकचकीत करून बोल्ट आवळावा. दिवा लागतो.

आवाज परतल्यावर मागून खडखड आल्यास सबवूफरला दोष देऊ नये. नंबर प्लेट बोटाने दाबून पाहावी. खडखड थांबली तर तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवावी. न थांबल्यास चकल्यांचा डबा तपासावा.