छप्परपंत

काही माणसांना चैन करायची असते, पण तिला कुणी चैन म्हटलेलं खपत नाही. ती सोनं घेतात ते गुंतवणूक म्हणून, काश्मीरला जातात ते मुलांना देश दिसावा म्हणून, आणि हापूसची पेटी आणतात ती आईला मऊ खावं लागतं म्हणून. या जमातीतला बेंगळुरूमधला सगळ्यांत पोहोचलेला गृहस्थ म्हणजे आमचे छप्परपंत. त्यांना छप्पर उघडणारी गाडी घ्यायची आहे. पण उपयोगाची.

त्यांचं खरं नाव आता फक्त आधार कार्डावर उरलंय. मराठी मंडळींच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा, पार्किंगमध्ये कुणाच्या तरी नव्या गाडीच्या डिकीत पंत कंबरेपर्यंत वाकलेले असतात. हातात मेजरिंग टेप. "चाकाच्या उंचवट्यानं इथं चार इंच खाल्लेत बघा," असं आतून ऐकू येतं. गाडीचा मालक पेढ्यांचा बॉक्स घेऊन बाहेर ताटकळत असतो. बिचाऱ्याला वाटलेलं असतं, अभिनंदन येईल.

पंत मूळचे बेळगावचे. नव्वदच्या दशकात इंजिनिअर होऊन राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं या शहरात उतरले ते इथलेच झाले. जेपी नगरात थ्री बीएचके, खाली वॅगन आर, कॉलेजात जाणारी मुलगी, वर्षातले सहा महिने इथे आणि सहा महिने बेळगावात राहणारी आई, आणि कंपनीनं पगाराऐवजी वेळोवेळी दिलेले शेअर. कंपनी बाजारात आली की या शेअर्सचं सोनं होणार आहे. कंपनी दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी' म्हणते. तेवढ्या भरवशावर पंतांनी छपराचं स्वप्न बांधलंय.

त्यामागचा युक्तिवाद बिनतोड आहे. "मुंबईत छप्पर उघडलंत तर घामानं भिजाल, दिल्लीत धुरानं माखाल, चेन्नईत मेंदू शिजेल. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरवर आहे साहेब! भारतात छप्पर उघडण्याच्या लायकीचं हे एकच शहर." हवा चांगली हे खरंच, पण ती अंगावर यायची तर गाडी हलायला हवी. टॉमटॉम कंपनीच्या 2022च्या पाहणीत या शहराच्या मध्यभागात 10 किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं लागत होती. सिल्क बोर्डच्या चौकात छप्पर उघडून उभं राहायचं म्हणजे शेजारच्या बीएमटीसीच्या बसमधल्या पन्नास माणसांना वरून आपलं टक्कल दाखवायचं. हे बोलून दाखवलं की पंत उजळतात. "म्हणूनच तर पत्र्याचं छप्पर हवं! बटण दाबलं की बंद. आतला माणूस एकदम इज्जतदार."

कापडी छप्पर त्यांना चालत नाही. त्याला ते तंबू म्हणतात. तंबूवर मांजर नखं काढतं, घार काय काय टाकते, सोसायटीतली पोरं बोट खुपसून बघतात, आणि मे महिन्यातल्या संध्याकाळी इथे जो वळवाचा पाऊस कोसळतो त्यात तंबूचा काय भरवसा? पत्र्याच्या छपराचा इतिहास मात्र पंतांना तोंडपाठ. डिकीत शिरणारं हे छप्पर रूढ केलं ते जॉर्ज पोलॅं नावाच्या फ्रेंच माणसानं, आणि तो पेशानं दंतवैद्य होता. "दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसालाच हे सुचणार!" 1934 साली प्यूजोनं त्याची कल्पना गाडीत आणली. अमेरिकेत 1957 मध्ये फोर्डनं स्कायलायनर काढली. तिच्या छपराच्या यंत्रणेत 610 फूट वायर होती आणि ते छप्पर मागं गेलं की डिकीत जेमतेम टोपलीएवढी जागा राहायची. तीन वर्षांत तो खेळ आटोपला. 1996 मध्ये मर्सिडीझच्या एसएलकेनं ही हौस पुन्हा फॅशनमध्ये आणली. ही कथा सांगताना पंत स्कायलायनरच्या टोपलीवरून घाईनं पुढे सरकतात. त्यांच्या सगळ्या संकटाचं मूळ त्या टोपलीत आहे.

कारण पंतांच्या अटी चार. छप्पर पत्र्याचं. सीट चार, त्याही माणसं बसतील अशा. डिकी बेळगावच्या फेरीला पुरेल एवढी. आणि गाडी वापरलेली, कारण नव्या गाडीची किंमत शोरूमच्या दारातच घसरते आणि ती घसरण दुसऱ्यानं सोसावी असं त्यांचं स्पष्ट मत आहे. आता गंमत अशी, की ज्या छपरामुळे पावसाची भीती जाते तेच छप्पर उघडल्यावर डिकीत जाऊन बसतं. कापड घडी होऊन लहान होतं, पत्रा होत नाही. म्हणजे पहिली अट तिसरीला खाते. पंतांना हे इतरांच्या आधी कळलंय, पण एकही अट सोडणं म्हणजे ती चैन होती असं कबूल करण्यासारखं आहे.

मग सुरू होतं उमेदवारांचं वर्षानुवर्षं चाललेलं वधूसंशोधन. एसएलके आणि बीएमडब्ल्यूची झेड-4 दिसायला देखण्या, छपरं पत्र्याची, पण सीट दोनच. "आईला कुठं बसवू? बॉनेटवर?" ऑडीची ए-3 कॅब्रिओले आणि मिनी चार सीटांच्या, पण तंबूवाल्या. फोक्सवॅगनची इऑस आणि व्होल्वोची सी-70 सगळ्या अटींच्या जवळ जातात, छप्पर पत्र्याचं, सीट चार. फक्त त्यांचं गाव लांबचं. पंतांचा भाचा इंग्लंडात असतो. तो अधूनमधून इऑसचे फोटो आणि तिची किरकोळ किंमत पाठवून मामाचं रक्त आटवतो. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, स्टेअरिंग उजवीकडे हवं, उतरवायची फक्त मुंबई बंदरात, आणि वर गाडीच्या किमतीहून जास्त जकात. इऑसचं उत्पादन 2015 मध्येच थांबलं. तरी भाच्याचे फोटो थांबत नाहीत.

घरचाच उमेदवार म्हणून सॅन स्टॉर्मही बघून झाली. कंपनी बेंगळुरूची, बांधणी गोव्यातली, फायबरची बॉडी, रेनॉचं 1149 सीसीचं इंजिन. कर्नाटक आणि गोवा दोन्ही आले, बेळगाव बरोब्बर मध्ये, म्हणून पंत हळवे झाले. पण पुन्हा दोनच सीट. मुलीनं एकदा सुचवून पाहिलं, "बाबा, सनरूफवाली घ्या ना, सगळेच घेतात." पंतांनी तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू गाणं शिकायचंय म्हणणाऱ्याला कुणी कॅरिओकेचं तिकीट दिलंय.

शेवटी उरली बीएमडब्ल्यूची 3 सिरीज कन्व्हर्टिबल, जाणकारांच्या भाषेत ई-93. तीन तुकड्यांचं पत्र्याचं छप्पर, चार सीट, 22 सेकंदांत उघडझाप. जयनगरात एक विकाऊ आहे असं कळलं आणि पंत लवाजम्यासह निघाले. लवाजम्यात वहिनी, आई, एक मोठी निळी बॅग, बेळगाव बासमतीची पंचवीस किलोची गोणी आणि आईचा वॉकर. "गाडी बघायला जाताना लोक मेकॅनिक नेतात," वहिनी म्हणाल्या. "तोही येतोय," पंत म्हणाले.

न्याय करायचा तर गाडी तपासावी ती पंतांनीच. इंजिनाकडे ते शेवटी वळतात. आधी पायाखालची मॅट उचलून खालचं कार्पेट तळव्यानं दाबतात. ओल लागली की समजायचं, छपराच्या रबरांनी मान टाकली आहे. मग काचेच्या कडेचं रबर बोटांनी चाचपून भेगा बघतात. नळी लावून वरून पाणी सोडायला लावतात आणि स्वतः आत बसतात. छप्पर एकदा गार असताना आणि एकदा उन्हात तापल्यावर उघडायला लावतात, कारण हायड्रॉलिक पंप थकला असेल तर आवाज बदलतो आणि सिलिंडरच्या टोकाशी तेलाचा ओघळ दिसतो. "छप्पर अर्ध्यात अडकलं तर ना ही गाडी, ना टेम्पो," असं ते मेकॅनिकला बजावतात. मेकॅनिक मान डोलावतो. त्याला बोलायची संधी मिळालेली नसते.

मग खरी परीक्षा. आई मागच्या सीटवर. पाठ ताठ, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. निळी बॅग, वॉकर आणि तांदळाची गोणी डिकीत. सगळं बसलं! पंतांनी विजयी मुद्रेनं बटण दाबून धरलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. गाडी शांत. गाडी विकणाऱ्या एजंटनं डिकीत डोकावून दाखवलं. आत एक आडवी फळी असते, ती खाली ओढून खाचेत बसवली तरच छप्पर हलतं. त्या फळीच्या वरची सगळी जागा छपराची. बॅग आणि गोणी फळीला टेकू देऊन उभ्या होत्या. जर्मन अभियांत्रिकी बेळगाव बासमतीसमोर अडून बसली होती.

"स्वल्प अॅडजस्ट माडी सार," एजंट म्हणाला.

गोणी काढली, बॅग काढली, फळी बसवली. डिकीचं झाकण मागच्या बाजूला वर उठलं, छप्पर हवेत गेलं, तिन्ही तुकडे एकावर एक चढले आणि आत गुडुप झाले. रस्त्यावरचे दोन स्कूटरवाले थांबले. एकानं विचारलं, "मायलेज एष्टु सार?" पंतांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते टेप घेऊन फळीखाली शिरले होते. छप्पर बंद असताना डिकी 350 लिटर, उघडल्यावर 210. खालच्या फटीतून वॉकर आत गेला. बॅग गेली नाही.

उन्हात बसलेल्या आईनं पदर डोक्यावर ओढला. "छप्पर नसलेलीला जास्त पैशे होय रे? मग आटो बघ की. चहूबाजूंनी उघडी, आणि छप्पर तेवढं जागेवर."

एजंटनं अखेरचा सल्ला दिला, "लगेज बेकु अंद्रे इन्नोव्हा तगोळ्ळी सार." पंतांनी हा अपमान गिळला आणि कागदपत्रांकडे वळले. गाडीची नोंदणी पुदुच्चेरीची निघाली. इथे पंतांचा आवाज चढतो. कर्नाटकात 20 लाखांवरच्या गाडीला 18 टक्के आजीवन कर, वर अधिभार. तो वाचवायला लोक गाडी पुदुच्चेरीत नोंदवतात आणि पळवतात इथे. 2025च्या फेब्रुवारीत परिवहन खात्यानं अशा भारी गाड्या इथे जप्तही केल्या. तेव्हा फॉर्म 28ची एनओसी, फॉर्म 29, फॉर्म 30, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35, आणि उरलेल्या आयुष्याचा कर कोण भरणार याचा लेखी खुलासा! एजंट चहा प्यायला गेला तो परत आला नाही.

पंतांना त्याचं दुःख नाही. "एजंट मध्ये आला की बेंगळुरूत मराठी माणसाचा सौदा बिघडतोच," असा त्यांचा ऐतिहासिक सिद्धांत आहे. 1638 पासून हे शहर शहाजीराजांकडे होतं. पुढे व्यंकोजीराजांना लांबून सांभाळणं जड जाऊ लागलं, म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराजांशी 3 लाखांत व्यवहार चालू होता. तेवढ्यात 1687 मध्ये मोगलांचा कासिमखान मध्ये घुसला, शहर घेतलं आणि तेच 3 लाख घेऊन चिक्कदेवराजांच्या हवाली केलं. "अख्खं शहर सेकंडहँड गेलं, आणि पैसे मधल्यानं नेले!" हे सांगताना पंतांचा चेहरा असा होतो, जणू टोकनची रक्कम त्यांची बुडाली.

एवढं सगळं जाणणारा माणूस अर्थातच सल्लागार झाला. त्यांचा सल्ला घेऊन एका दंतवैद्यानं झेड-4 घेतली, एका बिल्डरनं तंबूवाली मिनी घेतली. दोघं रविवारी पहाटे नंदी हिल्सला जातात, वाटेत इडली खातात, आणि डिकीत काय मावतं हे त्यांना अजून ठाऊक नाही. पंत त्यांच्याबद्दल मायेनं बोलतात, व्यसनी नातेवाइकाबद्दल बोलावं तसं.

स्वतः ते वॅगन आरमध्ये सुखी आहेत, आणि त्यामागे हिशोब आहे. जयनगरची ती ई-93 पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिचे 28 लाख सांगत होते. पुढच्या वर्षी 24. मग 19. आता ती पंधरा वर्षांची होत आली, म्हणजे फिटनेस आणि नोंदणीचं नूतनीकरण, म्हणजे आणखी खाली. पंतांकडे याचा एक्सेल तक्ता आहे आणि त्यात शेवटच्या रकान्याचं नाव 'बचत'. परवा घरी गेलो तेव्हा त्यांनी तो अभिमानानं दाखवला. "न घेऊन आजवर 9 लाख कमावले!"

वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग त्यातून दोन लाख द्या. स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम रखडलंय."

"तसं नसतं गं ते," पंत म्हणाले, "ते आपल्या शेअर्ससारखे आहेत. कागदावरचे."