कंसातला ॲट, कंसातला डॉट

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या सरकारी कार्यालयाला ईमेल पाठवायचा, तर आधी कंस सोडवावे लागतात. संकेतस्थळावर ‘संपर्क’ म्हणून पत्ता दिलेला असतो. त्यात आधी साहेबांचं पद, मग चौकोनी कंसात ॲट, मग सरकारी आडनाव, मग चौकोनी कंसात डॉट, आणि शेवटी देशाची दोन अक्षरं. बाकी जगाचं जे काम एका वेटोळ्यात आणि एका टिंबात भागतं, त्याला इथे नऊ चिन्हं लागतात.

कंस कशासाठी? तर स्पॅमसाठी. इंटरनेटवर पत्ते वेचत हिंडणारे प्रोग्राम असतात. ते पानापानावर ते वेटोळं हुंगतात आणि सापडलेला पत्ता विकतात. वेटोळंच लपवलं तर बिचारे हात हलवत परत जातील, असा हिशेब. पण ‘कंसातला ॲट म्हणजे वेटोळं’ हे प्रोग्रामला समजवायला एक ओळ पुरते, आणि ती ओळ लिहून जमाना झाला. यंत्राला हे कंस दिसतही नाहीत. ते आडवे येतात केज तालुक्यातल्या माणसाला.

तो माणूस पत्ता छापलाय तसाच्या तसा टाकतो. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवायचं, हेच शाळेत शिकवलेलं. कंसासकट टाकला तर कधी यंत्र मेल पाठवायलाच नकार देतं. कंस गाळून ‘ॲट’ हा शब्द तेवढा ठेवला, तरी तीच गत. शेवटी पुतण्या काहीतरी जुळवाजुळव करतो, टिंब चुकीच्या जागी पडतं, मेल एकदाचा निघतो आणि मिनिटाभरात उत्तर येतं. पाठवणाऱ्याचं नाव, मेलर डीमन.

“आलं की उत्तर! डीमन साहेब म्हणून कुणी नवीन आलेत वाटतं.”

“काका, तो माणूस नाही. मशीन आहे.”

“तरीच म्हटलं, एवढ्या लवकर कसं काय.”

आता पत्ता बरोबर लागला असं समजू. मेल जातो त्या पेटीत आधीपासून गर्दी असते. नोएडातल्या कुणा तज्ज्ञाने कळवलेलं असतं की आपलं संकेतस्थळ पाहून आनंद झाला, पण आपण गूगलच्या पहिल्या पानावर नाही आहात, ही गंभीर बाब आहे. तालुक्याला एकच तहसील असते, तिला पहिल्या पानावर येऊन कुणाशी स्पर्धा करायची आहे? शेजारच्या तहसिलीचे सातबारे ओढून आणायचे आहेत? त्याखाली चीनमधल्या कारखान्याचं लोखंड कापायच्या यंत्राचं दरपत्रक. त्याखाली कुणा मृत सेनापतीची विधवा, जिला आपले कोट्यवधी डॉलर नेमके पाटोद्यातच ठेवायचे आहेत. त्याखाली मेलबॉक्स भरल्याची सूचना, तीही खोटी, कारण ती चोराने पाठवलेली असते. आणि सगळ्यात खाली, मेलबॉक्स भरल्याची खरी सूचना. म्हणजे ज्यांच्यासाठी कंस उभारले ते सगळे आत पोचले. बाहेर राहिला तो फेरफार अडकलेला शेतकरी.

स्पॅमचा हा प्रकार बीडमध्ये जन्मला नाही. 1978 च्या मे महिन्यात अमेरिकेत एका संगणक विक्रेत्याने जवळपास चारशे जणांना एकगठ्ठा जाहिरात धाडली, तिला जगातला पहिला स्पॅम मानतात. लोक चिडले, वरून कानउघाडणी झाली, आणि त्याचा माल मात्र खपला. बाकीच्यांनी यातली शेवटची गोष्ट तेवढी लक्षात ठेवली.

पत्ता लपवावा म्हटलं तर तेही जमत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक कार्यालयाने 17 बाबी आपणहून जाहीर करायच्या असतात. अधिकाऱ्यांची निर्देशिका त्यातच येते. नकोसे फोन आणि एसएमएस थांबवायला 1909 हा क्रमांक आहे, ईमेलसाठी तसा क्रमांक नाही. त्रासदायक ईमेलला शिक्षा सांगणारं एक कलम होतं, माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66 अ. ते स्पॅमवाल्यांवर वापरलेलं कुणाच्या ऐकिवात नाही. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी पकडायला मात्र ते लगेच सापडलं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं, आणि ठीकच केलं. मग 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आला. त्यात लिहिलंय की जी माहिती माणसाने स्वतः जाहीर केली किंवा कायद्याच्या बंधनामुळे जाहीर झाली, तिला हा कायदा लागूच नाही. एक कायदा म्हणतो पत्ता चव्हाट्यावर टांगा, दुसरा म्हणतो टांगलात ना, मग आमच्याकडे येऊ नका.

काही हुशार कार्यालयांनी यावर तोडगा काढला. पत्ता कोपऱ्यात सारला आणि समोर तक्रारीचा फॉर्म ठेवला. फॉर्मच्या तळाशी कोडं. आपण यंत्र नाही, हे सिद्ध करण्यासाठी खालील चित्रांतले फायर हायड्रंट ओळखा. फायर हायड्रंट! अमेरिकेतल्या फुटपाथवरचा आग विझवायचा तो लाल-पिवळा नळ. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत घागरी रांगेत ठेवतात, तिथल्या बाईने म्हणे रस्त्याच्या कडेला फुकट उभा असलेला पाण्याचा नळ ओळखायचा. ओळखता आला नाही तर ती माणूस नाही. मग पिवळी स्कूल बस ओळखा. झेब्रा क्रॉसिंग ओळखा, जे इथे रंगवल्यानंतर पहिल्या पावसापर्यंत टिकतं. कापसाचं पान लांबून बघून लाल्या आलाय हे सांगणारा माणूस, ऊसतोडीला जाताना मुकादमाच्या उचलीचा सगळा हिशेब तोंडपाठ ठेवणारी बाई, हे सगळे या परीक्षेत नापास, आणि यंत्र पास! यात अतिशयोक्ती नाही. 2023 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे 1,400 माणसांना अशी कोडी घातली, तेव्हा यंत्रं माणसांपेक्षा वेगवान आणि अचूकही निघाली. म्हणजे कोडं बिनचूक सोडवणाऱ्यावरच आता संशय घ्यायला हवा. चित्रंच घालायची तर सीताफळ घाला, कोयता घाला, मोंढा घाला. परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेचा टिप्पर घाला, तो रोज दिसतो. पण तसं कोण करणार? कोडं तयार आलंय, कंस तयार आलेत, साचा वरून आलाय. साहेबांनी फक्त ‘संकेतस्थळ अद्ययावत’ असा शेरा मारायचा आणि तारीख बदलायची.

खाजगीतही सुख नाही. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून शेतकरी गटांना सांगतात, ऑनलाइन दिसा. गट दिसू लागतो. महिनाभर संकेतस्थळ सजवून देणाऱ्यांचेच मेल येतात. पुण्याच्या व्यापाऱ्याचा खराखुरा मेल येतो, त्यात ‘तातडीने’, ‘उत्तम दर’ आणि ‘आगाऊ रक्कम’ हे तीन शब्द एकत्र असतात, आणि यंत्र त्यालाच स्पॅममध्ये ढकलतं. जीमेल स्पॅम 30 दिवस सांभाळतं. तोडलेलं सीताफळ चार दिवसही थांबत नाही.

तेव्हा वाचकांना एक विनंती. आपल्या तालुक्यातल्या कोणत्याही एका कार्यालयाला माहिती अधिकारात विचारा की अधिकृत ईमेल पेटीत आज न वाचलेले मेल किती आहेत, पेटी शेवटची कधी उघडली आणि उघडणाऱ्याचं पद काय. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. अर्ज स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या, ईमेलने पाठवू नका.