घाला की ते बूट!

"पाय दोन आणि बूट साठ?" या एका प्रश्नाने स्नीकर जमवणाऱ्या पोरांचं तोंड बंद होतं, असं आपल्याकडच्या काकालोकांना वाटतं. प्रश्न चुकीचा आहे. साठ असोत की सहाशे, त्यातले पायात किती जातात ते विचारा. शौकीन कोण आणि साठेबाज कोण, हे त्या उत्तरावरून कळतं. या सदरातला आजचा राग साठेबाजांवर आहे.

आधी शौकीन कसा असतो ते सांगतो. बोरिवलीतल्या एका वन-बीएचकेमध्ये राहणारा एक मुलगा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याच्या पलंगाच्या पेटीत गाद्या-रजया नाहीत, खोकी आहेत. नवा जोड आला की तो लगेच पायात घालत नाही. खोक्यावरचा स्टाइल कोड बुटाच्या आतल्या लेबलशी ताडून बघतो, टाचेची शिवण नखाने चाचपतो आणि मग नाक आत खुपसून वास घेतो. फर्स्ट कॉपीच्या डिंकाचा उग्र वास त्याला लगेच कळतो. रविवारची सकाळ धुलाईची. कोमट पाणी, दोन थेंब शाम्पू, पांढऱ्या सोलला एक ब्रश, सुएडला दुसरा आणि तो कायम कोरडा. नाड्या काढून वेगळ्या धुवायच्या. बुटात कागदाचे बोळे भरून पंख्याखाली ठेवायचे, उन्हात कधीच नाही, कारण उन्हाने पांढरं रबर पिवळं पडतं.

चवड्यावर घडी पडू नये म्हणून जॉर्डन वन घालून जिना उतरताना तो पाऊल सपाट टाकतो. पण घालतो! तेच बूट घालून सकाळची चर्चगेट लोकल पकडतो. अंधेरीला कुणी ना कुणी पाय देतोच. संध्याकाळी घरी आला की आधी डाग पुसतो आणि मग चहा घेतो. वस्तूवरचं प्रेम म्हणजे हे. त्याच्या आईला ते अजून पटलेलं नाही, पण पलंगाची पेटी तिनेच रिकामी करून दिली आहे.

हा नाद जन्मला तोही असाच, वापरातून. न्यूयॉर्कचा बॉबिटो गार्सिया स्वतः बास्केटबॉल खेळणारा आणि रेडिओवर गाणी वाजवणारा. त्याने 2003 साली आपल्या शहराच्या 1960 ते 1987 या काळातल्या स्नीकर संस्कृतीवर पुस्तक काढलं. त्यातली पोरं तळघरातल्या गोदामांपर्यंत दुकानं पालथी घालत. मोहल्ल्यात दुसऱ्या कुणाकडे नसलेला रंग मिळवायचा आणि तो घालून कोर्टवर उतरायचं, एवढ्यासाठीच ही धडपड. शोध कितीही अवघड असला तरी त्याचा शेवट कोर्टवर होत असे.

बाल्टिमोरची गोष्ट तर प्रत्येक संग्राहकाने पाठ करावी. ब्रूस किलगोरने डिझाइन केलेला नाइकीचा एअर फोर्स वन 1982 मध्ये बाजारात आला आणि थोड्याच काळात कंपनी तो बंद करायला निघाली. त्या काळी जुनं मॉडेल गेलं की गेलं, ते परत काढायची रीतच नव्हती. बाल्टिमोरच्या तीन दुकानदारांनी हट्ट धरला: आम्हाला हाच बूट हवा, नव्या रंगांत काढून द्या, माल आम्ही उचलतो. दर महिन्याला नवा रंग येऊ लागला आणि न्यूयॉर्कची पोरं सुमारे 300 किलोमीटर लांब जाऊन तो आणू लागली. एअर फोर्स वन आजही विकला जातो तो या वेड्यांमुळे. कंपनीने टाकून दिलेला बूट गिऱ्हाइकाच्या पायांनी जगवला.

एअर जॉर्डन वनचंही तेच. पीटर मूरचं डिझाइन, 1985 साल, किंमत 65 डॉलर. पहिली लाट ओसरल्यावर उरलेला माल सवलतीत निघाला, तेव्हा तो स्केटबोर्डवाल्या पोरांनी उचलला. घोटा सांभाळणारा उंच बूट, जाड कातडं, पकड देणारं रबर, त्यांना आणखी काय हवं होतं? घासून, फाडून, वर टेप चिकटवून त्यांनी तो वापरला. 1994 मध्ये नाइकीने तो पुन्हा काढला, तेव्हाही दुकानांत पडून राहिला आणि किमती उतरवून खपवावा लागला. आज ज्याच्या नावाने लॉटऱ्या निघतात, तो बूट हा असा.

आता साठेबाजांकडे येऊ. त्यांना बूट आवडत नाही, फरक आवडतो. दुकानातल्या किमतीतला आणि उद्याच्या किमतीतला फरक. नवा माल ऑनलाइन उघडला की यांचे बॉट क्षणात शेकडो जोड खेचतात आणि महिनाभर पगारातून पैसे बाजूला टाकणारा मुलगा 'सोल्ड आउट' बघत बसतो. हा रोग किती वर पोचला होता? 2021 मध्ये नाइकीच्या उत्तर अमेरिका विभागाच्या प्रमुख बाईंनी राजीनामा दिला, कारण त्यांचा मुलगा बुटांच्या फेरविक्रीचा मोठा धंदा करतो आणि त्यासाठी त्यांच्या नावावरचं क्रेडिट कार्ड वापरलं गेलं, हे एका मासिकाने छापलं होतं. पुढच्याच वर्षी ऑरेगन राज्यातल्या यूजीन गावच्या एका फेरविक्रेत्यावर खटला भरला गेला. सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे जॉर्डन इलेव्हनच्या एका राखाडी आवृत्तीसाठी त्याने 6 लाखांहून जास्त जोडांचे आगाऊ पैसे घेतले होते आणि हाती आले होते 6 हजारांच्या आसपास. ज्यांनी पैसे भरले त्यातल्या बऱ्याच जणांना तो बूट घालायचाच नव्हता, पुढे विकायचा होता. न बनलेल्या बुटांवर सट्टा चालू होता. मला अशा लोकांची कीव येत नाही.

या साठेबाजांना मी नीतीचे धडे देणार नाही, रसायनशास्त्राचा एक धडा देतो. जॉर्डन थ्री, जॉर्डन फोर, जुने एअर मॅक्स यांचा मधला सोल पॉलियुरेथेनचा असतो. हवेतलं पाणी त्या पदार्थाच्या साखळ्या तोडतं. तुटताना आम्ल तयार होतं आणि त्या आम्लामुळे पुढची तोडफोड आणखी वेगाने होते. याला जलविघटन म्हणतात. बूट वापरला नाही म्हणून ते थांबत नाही. दहा-पंधरा वर्षं खोक्यात ठेवलेला जोड बाहेरून नवाकोरा दिसतो, पण सोलवर अंगठा दाबला तर तो आत जातो, रंगाचा पापुद्रा सुटतो आणि आतून चिकट पिवळसर भुगा हाताला लागतो. 1989 चा अस्सल जॉर्डन फोर कधीही न घातलेला मिळाला, तरी तो घालून गल्लीच्या टोकापर्यंत जाता येणार नाही. त्यात आपली मुंबई आणि आपलं कोकण. चार महिने भिंतींना ओल, कपाटाला बुरशी, आणि तुम्ही बूट घट्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळून म्हणता, गुंतवणूक आहे! सिलिका जेलच्या पुड्या कोंबल्या तर सोल थोडा जास्त टिकेल, पण डिंक सुकून सांधे उकलतील.

जुने बूट दुरुस्त करणारे कारागीर सांगतात की अधूनमधून घातलेला जोड जास्त टिकतो, कारण चालताना सोल दाबला जातो आणि आत साठलेला दमटपणा बाहेर पडतो. घालून तो अमर होणार नाही, पण ठेवून तर नक्कीच होत नाही. आपल्या घरातल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. पैठणी कितीही महाग असो, ती वर्षातून एकदा बाहेर निघते, लग्नाकार्यात नेसली जाते आणि घडी बदलून परत ठेवली जाते. घडी तशीच राहिली तर साडी तिथेच चिरते, हे त्यांना ठाऊक आहे.

आणि बाजाराचंच मत हवं असेल तर तेही घ्या. 2019 मध्ये सदबीजच्या लिलावात नाइकीचा 1972 चा 'मून शू' 4,37,500 डॉलरला गेला, आणि तो न वापरलेला होता हे खरं. पण पुढचे आकडे बघा. 1998 च्या बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेत मायकल जॉर्डनने घातलेला जॉर्डन थर्टीन 2023 मध्ये 22 लाख डॉलरला विकला गेला. फेब्रुवारी 2024 मध्ये जॉर्डनच्या सहा विजेतेपदांच्या सहा निर्णायक सामन्यांतले सहा बूट, जोड नव्हेत, एकेका पायाचेच, मिळून 80 लाख डॉलरला गेले. घामाचे, घासलेले, चुरगळलेले. तुमचा पाय जॉर्डनचा नाही, कबूल. म्हणून तुमच्या बुटाला ते भाव येणार नाहीत. पण तुमच्या बुटाची जी काही गोष्ट व्हायची, ती तुमच्याच पायांनी होईल, खोक्याने नाही.

म्हणून संग्राहक मित्रांनो, एक कळकळीची विनंती. या आठवड्यात पलंगाखालची खोकी बाहेर काढा. दहा वर्षांहून जुना प्रत्येक जोड अंगठ्याने दाबून बघा. सोल भुसभुशीत लागला तर चालायला जाऊ नका, चांगला कारागीर गाठून सोल बदलून घ्या. वरचं कातडं बहुधा शाबूत असतं. बाकीचे जोड पाळीपाळीने घाला, महिन्यातून एकदा तरी. आणि ज्यांनी पुढच्या वर्षी विकायला म्हणून घेऊन ठेवलेत, त्यांनी ते आजच दुकानातल्या किमतीला एखाद्या घालणाऱ्याला देऊन टाकावेत.