उन्हाच्या खात्यावर

खानदेशात काहीही बिघडलं की ते उन्हाच्या खात्यावर टाकायची सोय आहे. लग्नात व्याही भडकले, ऊन लागलं असेल. नळाला पाणी आलं नाही, ऊनच तेवढं. पोरगं परीक्षेत गचकलं, पेपर दुपारचा होता. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडचा पारा 45 च्या पुढे सरकला की उभ्या जिल्ह्याला एक हक्काचा आरोपी मिळतो. तो जामीन मागत नाही, वकील लावत नाही आणि संध्याकाळी सातला आपोआप पसारही होतो.

तेव्हा जिभाऊंचा ट्रक पाणी फेकायला लागल्यावर तपास करायची गरज कोणालाच वाटली नाही. "उन्हामा गाडी तपसच ना भो," एवढं बोलून जिभाऊंनी फाइल बंद केली.

जिभाऊ माझे थोरले चुलतभाऊ. जळगावच्या एमआयडीसीतून डाळ भरायची आणि वाशीच्या मार्केटात उतरवायची, हा त्यांच्या दहा टायरी गाडीचा धंदा. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. जिभाऊ मला 'मास्तर' म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्यावरून भौतिकशास्त्राबद्दलचं त्यांचं मत समजतं.

आता उन्हाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत 90 अंश धरा. डिसेंबरात पहाटे धुळ्याची हवा 10 अंशांवर असली तर फरक 80 चा. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर 45, म्हणजे फरक उरला 45. तोच रेडिएटर उन्हाळ्यात जवळपास निम्म्या ताकदीवर येतो. क्षारानं नळ्या बुजलेला रेडिएटर हिवाळाभर अब्रू झाकून फिरतो आणि मे महिन्यात भर चौकात उघडा पडतो. अशा खटल्यात ऊन फार तर साक्षीदार म्हणायचं.

पण जिभाऊंची गाडी रात्रीही पाणी फेकत होती. मी हे त्यांच्या निदर्शनास आणून दिलं. ते म्हणाले, "दिवसनं उन्ह इंजिनमा बठी जास."

दिवसाचं ऊन रात्री इंजिनात बसून राहतं, या सिद्धांताला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाशीला भाचीकडे जायचं होतं म्हणून एकदा मी त्याच गाडीत बसलो. पायाशी एक पेटी होती. जिभाऊंचा मुलगा पॉलिटेक्निकला आहे, त्यानं मागवलेली. तिच्यात रेडिएटरच्या तोंडाला बसणारा हातपंप, त्याला प्रेशर दाखवणारा काटा, आणि निळ्या औषधाची एक बाटली. जिभाऊंनी तो पंप पहिल्या दिवशी सायकलचा समजून शेजाऱ्याला दिला होता. चाकात हवा जात नाही म्हणून तो परत आला.

जळगाव ते धुळे हा रस्ता म्हणजे जुना सहा नंबरचा हायवे. सरकारनं त्याला 53 नंबर देऊन बरीच वर्षं झाली, पण लोक अजून सहा नंबरच म्हणतात. या रस्त्यावर गाडी बाजूला घेऊन केबिन पुढे कलवली की कुठून कुठून माणसं जमतात आणि प्रत्येकाकडे निदान तयार असतं. पाळधीला चहावाल्यानं कप विसळता विसळता सांगितलं, "थर्मोस्टॅट काढून फेका. इकडे कोणी ठेवत नाही." हे मात्र खरं, इकडे खरोखरच कोणी ठेवत नाही. थर्मोस्टॅट साधारण 80 अंशांच्या पुढे उघडतो आणि तोवर इंजिनाला गरम होऊ देतो. तो काढला की थंडीत इंजिन गारठलेलं चालतं, डिझेल पितं, लायनर झिजतात. शिवाय पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तोच काढून टाकल्यावर बरंचसं पाणी रेडिएटरात न जाता आतल्या आत फिरत राहतं, आणि थंड करायला म्हणून केलेला उपाय गाडी तापवतो. हे मी चहावाल्याला सांगितलं. त्यानं माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत, बहुधा दयेपोटी.

एरंडोलच्या अलीकडे भेटलेल्या ट्रकवाल्याचा सल्ला ऐकून मात्र मी केबिनमधून खाली उतरलो. "प्रेशर होतंय ना? मग झाकण ढिलं ठेवा. प्रेशर निघून जाईल, टेन्शन निघून जाईल."

ट्रकच्या जगात हा सल्ला फार लोकप्रिय आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नव्हे, त्यात स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह असतो. तो साधारण एक बारपर्यंत दाब आत कोंडून ठेवतो. उघड्यावर पाणी 100 अंशांना उकळतं. एक बार जादा दाबाखाली तेच पाणी 120 अंशांपर्यंत दम धरतं. कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणानं, आणि हा उद्योग देनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसानं 1679 मध्ये करून दाखवला होता. झाकण ढिलं केलं की वरचे वीस अंश तुम्ही स्वतःच्या हातानं रस्त्यावर सांडलेत. घाटात पाणी शंभरी गाठतं, उकळतं, बाहेर पडतं, मग लोक म्हणतात झाकण आणखी ढिलं करा.

मी हे सगळं पापँसकट समजावून सांगितलं. जिभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तो साहेब मे महिनामा धुयाले उना व्हता का?"

झाकणात दुसराही एक छोटा व्हॉल्व्ह असतो, उलट्या दिशेचा. गाडी थंड झाली की पाणी आकसतं, तेव्हा तो बाहेरून पाणी किंवा हवा आत घेतो. तो अडकला तर सकाळी वरचा होज पिचकलेला दिसतो. जिभाऊंच्या गाडीचा होज मात्र सकाळी चांगला गुबगुबीत होता, आणि गाडी चालू केल्यावर थोड्याच वेळात बोट रुतेना इतका ताठ व्हायचा. रेडिएटरखाली जमिनीवर पाण्याचा थेंब नाही. पाणी जायचं ते ओव्हरफ्लोच्या नळीतून, चालता चालता.

पारोळ्यात रेडिएटरवाल्यानं रॉड मारून घ्या असं सुचवलं, म्हणजे टाक्या उघडून नळ्यांतून सळ्या फिरवायच्या. जिभाऊ रेडिएटरात बोअरचं पाणी भरतात, तेव्हा त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण नळ्या बुजून गाडी तापते. थंड गाडीचा होज ताठ होत नाही.

धुळ्याच्या गॅरेजात उस्तादांनी होज दाबून पाहिला आणि तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत निकाल दिला: "हेड गॅसकेट. हेड उतरवावं लागेल." डिझेल इंजिनाच्या सिलिंडरात दाब शंभर बारच्या पुढे जातो. गॅसकेटमध्ये केसाएवढी वाट मिळाली तरी जळालेला गॅस पाण्यात घुसतो, होज फुगतो, पाणी बाहेर पडतं. उस्तादांचा संशय रास्त होता. फक्त हेड उतरवायचं म्हणजे हेड लेथवर जाणार, प्लेन होणार, नवं गॅसकेट, नवे बोल्ट, आणि वाशीत व्यापारी डाळीची वाट पाहत फोनवर फोन करणार. जिभाऊंचा चेहरा बघून मी पेटी उघडली.

रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर सकाळी पंप बसवला, हातानं हवा मारून काटा एक बारच्या थोडा खाली आणला आणि तसाच राहू दिला. काटा हलला नाही. म्हणजे बाहेर गळती नाही. झाकण वेगळं तपासलं, तेही ठरलेल्या दाबाला उघडत होतं. मग पंपातली हवा सोडून काटा शून्यावर आणला आणि इंजिन चालू केलं. ब्लॉकवर हात ठेवता येत होता एवढं ते गार, आणि काटा मात्र चढायला लागला. पाणी तापून प्रसरण पावल्यामुळे दाब वाढतो हे खरं, पण तापायच्या आधी कसा वाढेल? कुठून तरी वायू आत येत होता. पंप काढून रेडिएटरात डोकावलं तर बुडबुड्यांची रांग लागलेली.

"बघा," उस्ताद म्हणाले, "हेड गॅसकेट."

मी निळ्या औषधाची नळी तोंडावर धरली. पाण्यातून येणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड असला तर ते औषध पिवळट-हिरवं होतं. बुडबुडे भसाभसा येत होते आणि औषध निळंच्या निळं. उस्ताद म्हणाले, डिझेलला हे चालत नाही. त्यांचं अर्धं बरोबर होतं: डिझेल इंजिन रिकामं फिरत असताना हवा पुष्कळ आणि इंधन थोडं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइड कमी असतो आणि रंग उशिरा बदलतो. पण इतक्या बुडबुड्यांत इतका वेळ अजिबातच न बदलणं मला पटेना.

एवढ्यात हवेची टाकी भरली आणि फुस्स करून हवा कट झाली. रेडिएटरवर वाकलेला गॅरेजातला पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, बुडबुडे बंद झाले."

सगळे वाकले. पाणी निवांत. पोऱ्यानं केबिनमध्ये चढून ब्रेक दाबून दाबून हवा उतरवली. कॉम्प्रेसर पुन्हा हवा भरायला लागला, बुडबुडे परत सुरू. हवा कट, बुडबुडे बंद.

ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. ती हवा इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर साताठ बारपर्यंत दाबून टाकीत भरतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्याचं हेड थंड ठेवायला इंजिनाचंच पाणी त्यातून फिरवलेलं असतं. कॉम्प्रेसरचं छोटं गॅसकेट गेलं की ब्रेकची हवा पाण्यात शिरते. एक बारच्या झाकणानं आठ बारच्या हवेपुढे काय करावं? ते पाणी फेकतं. ती हवा धुरातली नव्हे, धुळ्यातलीच, म्हणून औषध निळं राहिलं. खात्रीसाठी कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या सोडवून एकमेकींना जोडल्या आणि गाडी थोडा वेळ चालवली. होज मऊ राहिला.

मग ड्रायव्हर, जो इतका वेळ बाजूला बिडी ओढत होता, म्हणाला, "मी केव्हाचा सांगतोय, हवा उशिरा बनते. जिभाऊ म्हणाले, उन्हानं हवा पातळ होते."

जिभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. कॉम्प्रेसरचं हेड उतरलं, गॅसकेट जळालेलं निघालं, नवं बसलं, आणि दुपारी भर उन्हात भरलेली गाडी लळिंगचा घाट चढून गेली. तिथल्या किल्ल्याच्या पायथ्याशी उतरून मी होज दाबून पाहिला. गरम गाडीचा असावा तेवढाच ताठ होता. जिभाऊंनी वाशीला फोन लावला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, "कॉम्प्रेसर व्हतं. मी पहिलेच सांगेल व्हतं."

तुमच्या घरात ट्रक असेल तर एवढं कराच. गरम रेडिएटरचं झाकण गोणपाट टाकूनसुद्धा उघडू नका. दाब सुटताच शंभरीपार गेलेलं पाणी जागच्या जागी उकळून अंगावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो. साध्या बोअरच्या पाण्याऐवजी कुलंट भरा. आणि कोणी हेड उतरवायला सांगितलं तर गाडी पूर्ण थंड असताना झाकण काढा, इंजिन चालू करा, आणि हवा कट होईपर्यंत रेडिएटरात बघत उभे राहा. बुडबुडे तेव्हा थांबले, तर आधी कॉम्प्रेसर खोला.