गाता येत असेल तर वेग वाढवा

आमच्या बागेत पहाटे दोन पक्ष असतात, योगवाले आणि चालणारे. महाराष्ट्रात एव्हाना कुणाचीही कुणाशीही युती झाली, पण ही काही व्हायची नाही. योगवाल्यांच्या मते चालणं म्हणजे निव्वळ वणवण. चालणाऱ्यांच्या मते योग म्हणजे घरची सतरंजी बागेत आणून झोपणं. शवासनातलं घोरणं कुंपणाबाहेर ऐकू आलं की या आरोपात तथ्य वाटू लागतं. हृदय मात्र आपल्याच पद्धतीनं वाचतं, याची दोघांनाही खात्री!

1953 साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बस एकच, ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टरांत कमी निघाला. प्रवाशांची बोलणी तर बहुधा त्यांनाच जास्त खावी लागत असतील! त्या बिचाऱ्यांकडे ना मॅट होती, ना पावलं मोजणारं घड्याळ.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मध्यम श्रम ओळखायची खूण सोपी आहे: बोलता यावं, पण गाता येऊ नये. इथेच चालणारा पक्ष उघडा पडतो. आमच्यातले एक काका चालता चालता अख्खं नाट्यपद म्हणतात, तेही तानांसकट, आणि वाटेत वन्समोअर घेतात. मग सगळा ताफा अमृततुल्यात शिरून क्रीमरोलवर तुटून पडतो. नाडीचा वेग वाढतो तो बिल कोण देणार या प्रश्नावर.

योगवाल्यांनीही फार हसू नये. संथ आसनांनी नाडी फारशी वाढत नाही, त्यामुळे ती आसनं त्या 150 मिनिटांत धरणं अवघड. मात्र नियमित योगानं रक्तदाब थोडा उतरतो, ताण हलका होतो, आणि हे काही कमी नाही. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे 4000 भारतीय रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. योगानं पुढचे झटके किंवा मृत्यू कमी होतात असं तीत सिद्ध झालं नाही. पण योग करणाऱ्यांना अधिक बरं वाटलं आणि झटक्याआधीच्या कामांकडे ते जास्त प्रमाणात परतले. शिबिरात एवढं खरं सांगितलं तरी लोक येतील, असं माझं मत आहे.

युती हवीच असेल, तर ती सूर्यनमस्कारात आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते संस्थानातल्या शाळांत आणले. भरभर घातले तर आसनंही होतात आणि धापही लागते. नाट्यपद तर पहिल्या ओळीतच बंद पडतं.

तेव्हा दोन्ही करा, पण क्रीमरोल आठवड्यातून एकदाच. आणि व्यायाम करताना छातीवर दाब आला, घाम फुटला, हात किंवा जबडा दुखू लागला, तर शवासनात पडून वाट पाहू नका आणि ग्रुपवर विचारत बसू नका. थेट 108 ला फोन लावा.