समृद्धीचे 8 तास आणि चालकाचे 8 तास

मुंबई ते नागपूर विमानानं दीड तास, समृद्धी महामार्गानं 8 तास. हे दोन्ही आकडे आता सगळ्यांना तोंडपाठ आहेत. दोन्ही अर्धवट आहेत.

विमानाचं आधी उरकू. दोन शहरांमधलं सरळ रेषेतलं अंतर सुमारे 685 किलोमीटर. बोरिवलीहून किंवा डोंबिवलीहून विमानतळ गाठायचा, तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, उतरल्यावर बॅगेची वाट पाहायची, यात अर्धा दिवस जातो. पण जातो तो फक्त वेळ. काळजी आहे ती दुसऱ्या आकड्याची.

समृद्धी 701 किलोमीटरचा. नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, इगतपुरी–आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी. विदर्भाला मुंबई जवळ आली, हे मोठंच काम झालं. मात्र हा रस्ता मुंबईत येत नाही. तो भिवंडीजवळ आमण्याला संपतो, आणि तिथून पुढे माजिवड्याची कोंडी आहेच.

आता साधा हिशेब करा. 701 किलोमीटर ताशी 100 च्या वेगानं 7 तास. 120 नं 5 तास 50 मिनिटं. मोटारींना सपाट भागात हीच कमाल मर्यादा आहे. 140 नं 5 तास. म्हणजे मर्यादा तोडून, टायर तापवून, घरच्यांचा जीव टांगणीला लावून हाती येतात 50 मिनिटं. ती ठाण्यात शिरताना एका सिग्नलरांगेत संपतात.

म्हणजे हे 8 तास वाटेतल्या विश्रांतीसकटच धरायला हवेत. पण लोक ते न थांबता गाठायचं लक्ष्य समजतात. जुन्या रस्त्याला मेहकर, जालना अशी गावं लागायची. गतिरोधक, वळणं, चहाची टपरी चालकाला जागं ठेवायची. इथे तासन्‌तास सरळ काँक्रीट. पहाटे झापड येते ती अशाच रस्त्यावर.

1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं चालकाचा दिवस साधारण 8 तासांचा ठरवला, आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सक्तीची केली. म्हणजे समृद्धीच्या एका फेरीत चालकाचा अख्खा दिवस संपतो. मुंबईतली कोंडी, प्रवासी उतरवणं हे सगळं त्याच्या वर. परतीची गाडी त्यानंच त्याच रात्री काढणं हा गुन्हा मानला पाहिजे.

1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर याच समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली ट्रॅव्हल्स उलटून पेटली. 25 माणसं जळून गेली. त्यातले बहुतेक झोपेत असणार.

परिवहन खात्यानं रात्रीच्या प्रत्येक लांब पल्ल्याच्या बसमध्ये दोन चालक आहेत का, हे टोलनाक्यावरच तपासावं. वेगाचे कॅमेरे आहेत, तसा चालकाच्या तासांचाही हिशेब ठेवावा.

आणि तुम्ही रात्रीचं तिकीट काढताना खिडकीची जागा विचारता, एसी विचारता. त्याआधी विचारा, दुसरा ड्रायव्हर आहे का? नसेल तर त्या गाडीत बसू नका.