सोन्याचे हरवलेले शहर कसे शोधावे : अप्पा बळवंत चौक आवृत्ती

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या अप्पा बळवंत चौकात अंकलिपीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत प्रत्येक गोष्टीचे गाईड मिळते. संक्षिप्त गाईड मिळते, सविस्तर मिळते आणि ज्याला दोन्ही वाचायची नाहीत त्याच्यासाठी अपेक्षित प्रश्नसंचही मिळतो. मात्र 'कॉमिक्समधले सोन्याचे हरवलेले शहर' या विषयावरचे काही मागितले, की काउंटरपलीकडून एकच प्रश्न येतो : "कुठल्या बोर्डाचं?"

ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत पुस्तिका. वयाची अट नाही. भूगोल कच्चा असल्यास उत्तमच, कारण या विषयात खरा भूगोल आडवाच येतो.

विषयाची ओळख

सोन्याच्या शहराची सुरुवात शहरापासून झालीच नाही, एका माणसापासून झाली. आजच्या कोलंबियात ग्वाताविता नावाचे तळे आहे. मुइस्का लोकांचा नवा राजा अंगभर सोन्याची पूड फासून या तळ्यात उतरायचा, असे स्पॅनिश लोकांच्या कानावर गेले. एका कानातून दुसऱ्या कानात जाताना त्या माणसाचे गाव झाले, गावाचे शहर आणि शहराचे राज्य. पुण्यात एखाद्याच्या मुलाला परदेशात नोकरी लागल्याची बातमी अशीच वाढते. वॉल्टर रॅले नावाचा इंग्रज सरदार १५९५ साली हे शहर शोधायला गेला. शहर सापडले नाही, म्हणून त्याने त्यावर पुस्तक लिहिले. १६१७ साली पुन्हा गेला, पुन्हा रिकाम्या हाताने परतला आणि १६१८ साली त्याचे डोके उडवण्यात आले. विषय अवघड आहे तो असा.

पुढे खरे शोधणारे थकले आणि काम कॉमिक्सवाल्यांकडे आले. कार्ल बार्क्सने १९५४ साली अंकल स्क्रूजला सिबोलाच्या सात सोनेरी शहरांत नेले. तिथे एका मूर्तीला हात लागला आणि सगळे शहर कोसळले. मार्व्हलने हल्कला १९७९ मध्ये एल दोरादोत, म्हणजे रॅलेला न सापडलेल्या त्याच सोन्याच्या शहरात उतरवले. त्याआधी १९६६ मध्ये त्याच कंपनीने वाकांडा हे लपलेले राज्य काढले होते. तिथे मात्र सोन्याच्या जागी व्हायब्रेनियम नावाचा धातू आला, कारण एव्हाना वाचकांच्या अपेक्षा वाढल्या होत्या.

आपल्याकडे हा अभ्यासक्रम जुनाच आहे. सोन्याची लंका होती, ती जळली. सोन्याची द्वारका होती, ती बुडाली. नवशिक्याने एवढ्यावरून नियम पाठ करावा : शेवटच्या पानावर शहर पुन्हा हरवले पाहिजे. हरवले नाही तर ती गोष्ट राहत नाही, पर्यटन महामंडळाची जाहिरात होते.

लंका जाळणाऱ्या वीराची देवळे या भागात पावलोपावली आहेत. लक्ष्मी रस्त्याने पूर्वेकडे सरळ चालत गेलात, की सराफांच्या शेजारी सोन्या मारुती लागतो. ज्याने जगातले सर्वांत प्रसिद्ध सोन्याचे शहर शेपटीने पेटवले, त्यालाच पुण्याने सराफ बाजाराच्या तोंडाशी बसवले आहे. विमा कंपनीने असे केले नसते.

मुख्य धडा : कीला-वी

परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा.

मराठी मुलांना सोनेरी जागा दाखवली ती वेताळाने. देवळातला वेताळ नव्हे. जांभळ्या कपड्यांतला, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुले, कवटीच्या गुहेत राहणारा. ली फॉक या अमेरिकन लेखकाने त्याला फेब्रुवारी १९३६ मध्ये वर्तमानपत्राच्या पट्टीत आणले. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षे आधी. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून गुन्हेगारांना ठोसे मारण्याचा मान कोणाचा, यावर वाद घालायचा असेल तर हे साल लक्षात ठेवावे. उडता येत नाही, तरी सुपरहिरो कसा, असा आक्षेप येईल. त्यावर उत्तर असे, की अप्पा बळवंत चौकात संध्याकाळी सहा वाजता उडूनही उपयोग नाही, उतरायला जागा नसते.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि वेताळ भारतीय भाषांत बोलू लागला. मराठीतही. सुरुवातीला किंमत साठ पैसे. पाठोपाठ मॅन्ड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला आणि १९७६ मध्ये आबिद सुरतींचा अस्सल देशी बहादूर आला. १९९० साली दुकान बंद झाले, तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते.

या वेताळाच्या ताब्यात कीला-वी नावाचा समुद्रकिनारा आहे. तिथल्या वाळूत सोन्याचे कण आहेत. वाळूत चालले तरी पायाला सोने लागते. किनाऱ्यावर जेड नावाच्या हिरव्या मौल्यवान दगडाची झोपडी आहे. १९७७ साली डायनाशी लग्न झाल्यावर वेताळ मधुचंद्राला इथेच आला. हॉटेलचा खर्च वाचला.

आता नवशिक्याने थांबून विचार करावा. पिढ्यान् पिढ्या ज्या घराण्याकडे सोन्याची वाळू आहे, ते घराणे गुहेत का राहते? ज्याच्या खजिन्याच्या खोलीत सिकंदराचा हिऱ्याचा पेला आहे, तो दूध मागवून का पितो? उत्तर असे, की वेताळ हा मालक नाही, राखणदार आहे. सोनेरी जागा शोधणे हे त्याचे काम नाही. ती दुसऱ्या कोणाला सापडू नये, हे काम. चाचे येतात, लुटारू येतात, कोणी तरी होडीत पोती भरू लागतो आणि वेताळाचा ठोसा बसून हनुवटीवर कवटीची खूण उमटते. पोती परत रिकामी होतात. आपण लहानपणी त्याला साहसी वीर समजलो. वास्तविक तो ट्रस्टी होता. हे पुण्याला लगेच कळायला हवे होते, इथे ट्रस्टींची वाण नाही.

आणि म्हणूनच सोन्याचे शहर 'हरवलेले' आहे, हे अर्धसत्य आहे. ते राखणदाराला पक्के ठाऊक असते. हरवलेले असते ते तुमच्यापुरते. हा मुद्दा उत्तरपत्रिकेत अधोरेखित करावा.

नकाशाविषयी सूचना

नकाशावर विसंबू नये. वेताळाचा देश मूळ गोष्टीत बेंगाला. आधी तो आशियात कुठेतरी असल्यासारखा वाटायचा, मग आफ्रिकेत सरकला. भारतात आल्यावर बंगालशी घोळ नको म्हणून इंद्रजालच्या संपादकांनी त्याचे डेंकाली केले. सिंग नावाच्या चाच्यांच्या टोळीलाही इथे नाव बदलून घ्यावे लागले. म्हणजे लेखकाने देश हलवला, संपादकाने पाटी बदलली, आणि आठ वर्षांचा मुलगा शाळेच्या ॲटलासमध्ये डेंकाली शोधत बसला. अशा मुलांनी भूगोलात काय दिवे लावले असतील, ते लावले असतील. पण ॲटलास त्यांनी शेवटच्या पानापर्यंत पाहिला, हे मान्य करावे लागेल.

शिवाय अंकाच्या पानांत मावावी म्हणून गोष्ट कापली जायची. त्यामुळे नायक एका चौकटीत गुहेत आणि पुढच्या चौकटीत समुद्रावर दिसला, तर तुमचे पान फाटले आहे असे समजून दुकानदाराशी भांडू नये. आधी पानांचे क्रमांक पाहावेत, मग भांडावे.

प्रत्यक्ष मोहीम : बुधवार पेठ

पेठेचे नाव ऐकून काही लोक डोळे मिचकावतात. त्यांनी ही पुस्तिका परत करावी. तिथल्या बायकांच्या कष्टांवर विनोद करायला ती काढलेली नाही.

सोन्याच्या शहरासाठी लागणारी पहिली गोष्ट म्हणजे वर्तमान वस्तीखाली गाडलेली जुनी वस्ती. ती इथे तयार आहे. औरंगजेब १७०३ साली पुण्यात मुक्कामाला असताना त्याचा नातू वारला आणि त्याच्या स्मरणार्थ या वस्तीला मुहियाबाद नाव मिळाले. पुढे ते पुसून बुधवार आले. आज चौकात उभे राहून मुहियाबादला जाणारी रिक्षा विचारली तर रिक्षावाला नाही म्हणेल. मात्र तो बहुतेक ठिकाणांना नाही म्हणतो, त्यामुळे हा पुरावा धरू नये. हरवलेला राजवाडाही हवा. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवार वाडा १८७९ च्या आगीत गेला, तेव्हा तीही सोय झाली.

आणि सोने? शेजारच्या कसब्यात. आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवांचा नांगर फिरवला आणि जिजाबाईंनी तीच जमीन सोन्याच्या नांगराने नांगरून घेतली, असे परंपरा सांगते. इतर शहरे आधी सोन्याची असतात आणि मग ओसाड होतात. पुण्याने क्रम उलटा केला. कॉमिक्समध्ये ही गोष्ट कोणी पहिल्या पानावर काढली असती तर संपादकाने 'शेवट आधी आला' म्हणून परत पाठवली असती.

साहित्य : बॅटरी तपकीर गल्लीतून घ्यावी, दोरखंड बोहरी आळीतून. तुळशीबागेत जाऊ नये. सोन्याचे शहर शोधायला निघालेली माणसे तिथे शिरली की पितळी निरांजने घेऊन बाहेर येतात आणि समाधानी दिसतात. दगडूशेठ गणपतीच्या अंगावरचे सोने लपलेले नसल्यामुळे अभ्यासक्रमाबाहेर आहे. रांगेत उभे राहून दर्शन घ्यावे आणि पुढे निघावे.

आता खरे काम. मराठी इंद्रजालचा जुना अंक मिळवणे.

इथे आधी निराशेची तयारी ठेवावी. मराठी अंक जपून ठेवण्यासाठी छापलेच नव्हते. एकाने घ्यायचा, वाड्यातल्या सगळ्यांनी वाचायचा, मग भाड्याने देणाऱ्या लायब्ररीत, तिथून मावसभावाकडे आणि शेवटी रद्दीत. मुखपृष्ठ आधी जायचे. ती मुखपृष्ठे बी. गोविंद यांच्यासारख्या चित्रकाराने रंगवलेली असत आणि ती भिंतीवर चिकटवण्यासाठीच असतात, असा मुलांचा प्रामाणिक समज होता. ज्या भाषेत अंक जास्त प्रेमाने वाचला गेला, त्या भाषेत तो कमी उरला. हे माझे मत आहे, पण रद्दीवालेही माझ्याच बाजूने आहेत.

चौकातल्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या थप्प्या दिसतील. थेट "वेताळ आहे का?" असे विचारू नये. किंमत तिथेच ठरते. आधी अकरावीच्या रसायनशास्त्राचे पुस्तक उचलावे. ते ठेवावे. मग कंटाळल्यासारखे विचारावे, "मुलांसाठी काही जुनं चित्रांचं आहे का हो, काका?" काका म्हणतील, "नाही." हा पहिला धबधबा. सगळ्या गोष्टींत वाट धबधब्याच्या मागूनच असते. तिथेच उभे राहावे, एखादा 'चांदोबा' चाळावा. थोड्या वेळाने काका स्वतःहून म्हणतील, "कुठलं पाहिजे? इंद्रजाल का? ते आता मिळत नाही. लोक मुंबईहून येतात त्यासाठी." म्हणजे ठाऊक आहे. राखणदार भेटला.

यापुढे घासाघीस करताना एक पथ्य पाळावे : "हे साठ पैशांना मिळायचं" असे म्हणू नये. ते अंकावर छापलेले आहे आणि काकांनाही वाचता येते.

अंक हाती आला तर तपासणी अशी. पिना गंजलेल्या असाव्यात. चकचकीत पिना म्हणजे मधली पाने दुसऱ्याच अंकाची असण्याचा संभव. कोडे पेन्सिलीने सोडवलेले चालेल, पेनाने सोडवलेले असल्यास भाव पाडावा, चुकीचे सोडवलेले असल्यास आणखी पाडावा. पहिल्या पानावर कोणा मुलाचे नाव, इयत्ता आणि 'हे पुस्तक ज्याला सापडेल त्याने परत करावे' असे लिहिलेले असेल तर ते वाचून घ्यावे आणि पान उलटावे. शेवटचे पान नसेल तर अंक जरूर घ्यावा. त्यात शहर अजून सापडलेले असते.

अपेक्षित प्रश्न

१. सोन्याचे शहर शेवटी का कोसळते? कारणे द्या. (लेखकाकडे पाने संपली, हे कारण एकदाच लिहावे.)

२. टीपा लिहा : कवटीची खूण, डेंकाली, रिक्षावाला.

३. वेताळ आणि सार्वजनिक ट्रस्टचा विश्वस्त यांतील साम्य व भेद स्पष्ट करा. मुखवट्याचा उल्लेख केल्यास गुण कापले जातील.

४. 'कीला-वीची वाळू एकदा महापालिकेने रस्त्याच्या कामाला वापरली.' या कल्पनेवर पंधरा ओळींचा निबंध लिहा. रस्ता पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला असे गृहीत धरू नये.